वाडीवरच्या केंद्रासाठी इंटरनेट कसे निवडावे



उपासनेनंतर भेटल्यावर किंवा फोनवर हल्ली एक प्रश्न मला बरेचदा विचारला जातो: "ताई, वाडीवरच्या अभ्यासिकेत नेट बसवायला किती पैसे लागतील? आम्ही देतो." प्रश्न प्रेमापोटी आलेला असतो, पण त्याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. निगडीत आपल्या इमारतीच्या जिन्यात दोन-तीन कंपन्यांच्या फायबरच्या वायरी आधीच आलेल्या असतात. आपण दर पाहतो, स्पीड पाहतो, फोन करतो आणि एक-दोन दिवसांत नेट सुरू होते. वाडीवर आधी तीन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. इथपर्यंत काय पोचते? ते केव्हा बंद पडते? आणि बंद पडल्यावर चालू कोण करते? या अंकातला पाठ याच तीन प्रश्नांवर आहे. आपला गट एखाद्या केंद्राला मदत करण्याच्या विचारात असेल, तर तो एकत्र बसून वाचावा.

नेट कशासाठी हवे?

निगडीहून तळवडे, चाकण, राजगुरुनगर, मंचर करत आपण घोडेगावला पोचतो. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय इथेच आहे. पुढे डिंभे धरण मागे टाकून भीमाशंकरच्या डोंगराकडे वळले की महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या लागतात. चाकणच्या कारखान्यांपासून हे अंतर काही तासांचेच आहे, पण फोनवरची रेंज वाटेतच एकेक काडी कमी होत जाते.

शहरात नेट नसले तर आपली गैरसोय होते. इथे त्यामुळे माणसाचा हक्क अडतो. रेशनच्या मशीनवर अंगठा जुळायला नेट लागते. रेंज नसली की दुकानदार मशीन घेऊन टेकाडावर बसतो आणि म्हाताऱ्या बाया धान्यासाठी तिथवर चढून जातात, हे मी पाहिले आहे. अंगणवाडीच्या ताईंना मुलांची वजने पोषण ट्रॅकरवर भरायची असतात. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी मोबाइलवर फोटोसह घेणे बंधनकारक झाले. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर असतो आणि त्याची शेवटची तारीख वाडीवरच्या पावसाकडे पाहून ठरत नाही.

याच आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. गाव जागेवर दिसत नाही ही बातमी बाहेर पोचली ती त्या मार्गावरच्या एसटी चालकामुळे. इंटरनेटने दरड थांबत नाही. पण पावसाचा इशारा वाडीत यायला आणि संकटाची खबर बाहेर जायला एखाद्या गाडीची वाट पाहावी लागू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

महाराष्ट्रातले दोन प्रयोग

आपल्या राज्यात याआधी झालेल्या दोन प्रयोगांकडे पाहू.

पहिला पालघर जिल्ह्यातला. आयआयटी मुंबईच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाने तिथल्या गावांत टीव्हीच्या न वापरलेल्या लहरींवरून इंटरनेट पोचवून पाहिले. या लहरी झाडीतून आणि उंचसखल भागातून बऱ्यापैकी दूर जातात. आधी सात गावे घेतली, पुढे ती पंचवीसपर्यंत वाढवली. २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत या प्रकल्पाला पहिले बक्षीस मिळाले. आपल्या कामाच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट यंत्रापेक्षा व्यवस्थेची आहे. सरकार आणि खासगी क्षेत्र यांच्या जोडीला त्यांनी ग्रामपंचायतीला भागीदार केले. गावातले जाळे गावाचे, आणि त्याची देखभाल करून त्यावर चार पैसे मिळवणारा माणूसही गावातलाच, अशी ती मांडणी होती.

दुसरा प्रयोग मेळघाटातल्या हरिसालचा. धारणी तालुक्यातल्या या कोरकू वस्तीच्या भागात राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून २०१६ च्या सुमारास 'डिजिटल गाव' उभे केले. इथेही टीव्हीच्या मोकळ्या लहरी वापरल्या. दूरवैद्यक सेवा, शाळेत ई-शिक्षण, वाय-फाय असे बरेच काही होते आणि देशभर कौतुक झाले. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत मात्र या सेवा प्रत्यक्षात चालतात का, यावर जाहीर सभांतून मोठा वाद झाला. त्यात कोणाची बाजू घेण्याचे आपल्याला कारण नाही. पण उद्घाटनानंतर तीन वर्षांनी लोक "चालते का?" एवढेच विचारतात, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्या केंद्राबद्दलही तोच प्रश्न विचारला जाणार आहे.

पायरी पहिली: गरज लिहून काढा

रेशनचा अंगठा, बँकेचा व्यवहार, अर्ज भरणे यांना स्पीड फार लागत नाही. नेट मध्येच तुटता कामा नये. डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायचे तर दोन्ही बाजूंनी साधारण एक ते दोन एमबीपीएस लागतात. जाहिरातीत नेहमी डाउनलोडचा आकडा मोठा असतो. पण कागदपत्रे पाठवणे, फोटो चढवणे, व्हिडिओवर बोलणे हे अपलोडवर चालते, म्हणून तो आकडा वेगळा विचारावा. सरकारनेच ब्रॉडबँडची किमान व्याख्या २०२३ मध्ये ५१२ केबीपीएसवरून दोन एमबीपीएसवर नेली. लहान केंद्राचे काम खरोखर सलग मिळणाऱ्या चार-पाच एमबीपीएसवर भागते.

डेटाचाही हिशेब करावा. मध्यम दर्जाचा व्हिडिओ तासाला साधारण अर्धा जीबी डेटा घेतो. वीस मुलांनी वीस फोनवर तो पाहिला तर तासात दहा जीबी गेले. एका टीव्हीवर सगळ्यांनी मिळून पाहिला तर अर्धाच जीबी लागतो. दीक्षा अ‍ॅपवरचे धडे आधी उतरवून ठेवता येतात. पहाटे नेट मोकळे असताना ते उतरवले तर संध्याकाळच्या अभ्यासाला नेट नसले तरी चालते.

पायरी दुसरी: रेंज मोजा

"इथे फुल रेंज आहे" या सांगण्यावर पैसे भरू नयेत. कंपन्यांनी आपले कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर द्यावेत असा ट्रायचा नियम आहे. ते जरूर पाहावेत. पण डोंगराच्या पोटात बसलेली वाडी नकाशात रंगवलेली असूनही कोरडी असू शकते. फोनवरच्या काड्यांवरही विसंबू नये, कारण प्रत्येक कंपनीचा फोन त्या आपल्या पद्धतीने दाखवतो. फोनच्या सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' या भागात सिमची स्थिती पाहिली की रेंज डीबीएममध्ये दिसते. हा आकडा उणे असतो. ४जीसाठी उणे ९० किंवा त्याहून बरा असेल तर उत्तम. उणे १०० ते ११० म्हणजे काम रडतखडत चालेल. उणे ११५ च्या पलीकडे आशा धरू नये.

मोजताना वेगवेगळ्या कंपन्यांची तीन-चार सिमे न्यावीत. खोलीत, ओसरीवर, छपराच्या उंचीवर आणि शक्य असेल तर आणखी उंच बांबूवर फोन बांधून मोजावे. सकाळी, दुपारी आणि रात्री आठला, असे तीनदा मोजावे. रात्री सगळे फोन चालू असतात, त्यामुळे रेंज तीच राहूनही स्पीड पडतो. प्रत्येक वेळी दोन्ही आकडे वहीत लिहावेत. शक्य असेल तर एक फेरी आवणीच्या दिवसांत करावी.

दोन गोष्टी आणखी. सगळ्या लहरी सारख्या नसतात. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात आणि भिंतीतून आत शिरतात. २३०० च्या लहरी जास्त डेटा वाहतात, पण लवकर थकतात. बीएसएनएलचे ४जी ७०० आणि २१०० वर चालते. त्यासाठी घेतलेल्या राउटरला ७०० चा बँड, म्हणजे बँड २८, चालतो का हे विचारूनच घ्यावे. काही जुन्या फोनांना तो चालत नाही. दुसरे, डिजिटल भारत निधीतून उभारलेल्या टॉवरवर बीएसएनएल, जिओ, एअरटेल यांपैकी कोणतेही सिम ४जीला चालावे, अशी सोय जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली. जवळचा टॉवर त्यातला आहे का, याची चौकशी करावी.

पायरी तिसरी: चार पर्याय

सिम आणि बाहेरचा अँटेना: छपरावर थोडी जरी रेंज मिळत असेल तर बहुतेक वाड्यांसाठी हा पहिला पर्याय. अँटेना जोडता येईल असा ४जी राउटर घ्यावा आणि अँटेना टॉवरच्या दिशेला करून उंच बांधावा. मधली केबल जितकी लांब तितकी रेंज वाया जाते, म्हणून राउटर अँटेनाच्या जवळ हवा. एक सावधगिरी: बाजारात मिळणारे 'सिग्नल बूस्टर' परवानगीशिवाय बसवणे आपल्या देशात बेकायदा आहे, आणि त्याने आसपासच्या लोकांची रेंज बिघडते. कोणी भेट म्हणून दिला तरी नम्रपणे नाही म्हणावे.

फायबर: मिळत असेल तर याहून चांगले काही नाही. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली आणि आज ती भारतनेट नावाने चालते. पण फायबर येते ते ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, आणि डोंगरी भागात एका ग्रामपंचायतीच्या वाड्या मैलमैल पसरलेल्या असतात. म्हणून तिथे जाऊन पाहावे: पेटीतले दिवे लागलेले आहेत का? गावात कोणाकडे हे कनेक्शन चालू आहे का? रस्त्याच्या कामात जेसीबीने वायर तोडली तर जोडायला माणूस कुठून येतो आणि किती दिवसांनी?

हवेतून जोडणी: फायबर शेजारच्या गावात आहे आणि तिथून आपली वाडी डोळ्यांना दिसते, अशा ठिकाणी दोन्हीकडे छोट्या डिश लावून नेट आणता येते. ५ गिगाहर्ट्झच्या ज्या पट्ट्यावर हे चालते तो २०१८ पासून बऱ्याच अंशी परवानामुक्त आहे. बीएसएनएलची एअरफायबर सेवा याच पद्धतीची आहे. मध्ये टेकडी किंवा दाट झाडी असेल तर मात्र जमत नाही. जाहिरातीतल्या ५जी एअरफायबरचा प्रकार वेगळा आहे. त्याला जवळ ५जीचा टॉवर लागतो.

उपग्रह: वरच्या तिन्हींपैकी काहीच पोचत नसेल तेव्हा हा विचार करावा. जुन्या पद्धतीचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतात. बोललेले जाऊन उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे संभाषण अडखळते. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर असल्याने हा त्रास राहत नाही. या कंपनीला भारतात जून २०२५ मध्ये परवाना मिळाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या दुर्गम जिल्ह्यांसाठी तिच्याबरोबर उद्देशपत्रावर सही केली. आपल्या ठिकाणी सेवा मिळते का, महिन्याचा दर काय आणि वीज किती लागते, ही तिन्ही उत्तरे हातात आल्यावरच निर्णय घ्यावा.

पायरी चौथी: विजेचा विचार

"पाऊस आला की रेंज जाते," असे वाडीत सगळेच म्हणतात. उपग्रहाच्या लहरींना मुसळधार पाऊस खरोखर अडवतो. मोबाइलच्या लहरींवर मात्र पावसाचा परिणाम फार थोडा होतो. बहुतेक वेळा लाइट जाते, टॉवरची बॅटरी काही तासांत उतरते आणि मग रेंज जाते. टॉवरची बॅटरी आपल्या हातात नाही, पण आपला राउटर तरी चालू राहावा. ४जी राउटर साधारण दहा वॅट घेतो. बारा तासांना १२० वॅट-तास झाले. १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासाची बॅटरी निम्मीच वापरायची असे धरले तरी त्यावर दोन दिवस निघतात. उपग्रहाची डिश ७५ ते १०० वॅट घेते, म्हणजे बॅटरी आणि सोलर पॅनेलचा खर्च कैक पटींनी वाढला. शिवाय घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये ऊन दिसत नाही आणि पॅनेल नाव राखण्यापुरतीच वीज देते. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा पडतात. अँटेनाला अर्थिंग हवेच, आणि गडगडाट सुरू झाला की वायर काढून ठेवण्याची सवयही हवी.

पायरी पाचवी: सांभाळणार कोण, भरणार कोण?

माझ्या मते सगळ्यात निर्णायक पायरी हीच. बुरूज बांधायला निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा शुभवर्तमानातला दाखला आपल्या परिचयाचा आहे. नेटच्या बाबतीत हा खर्च पेटीपेक्षा रिचार्जमध्ये असतो. समजा, राउटर, अँटेना आणि बॅटरी मिळून पंधरा हजार लागले आणि रिचार्ज महिन्याला सहाशे. तीन वर्षांत रिचार्जचेच एकवीस हजार सहाशे होतात. पेटीवर देणगीदाराचे नाव लिहिता येते, रिचार्जवर येत नाही. त्यामुळे पेट्या मिळतात आणि सव्विसाव्या महिन्याचा रिचार्ज राहून जातो.

म्हणून कनेक्शन घेण्यापूर्वी चार नावे कागदावर लिहून घ्यावीत: सिम कोणाच्या नावावर, रिचार्जची तारीख कोण पाहणार, किल्ली कोणाकडे आणि छपरावर कोण चढणार. ही नावे वाडीतल्याच माणसांची असावीत. आम्ही निगडीहून पोचेपर्यंत अर्ज भरण्याची मुदत संपलेली असते.

एका केंद्राचा निर्णय

आंबेगावच्या पश्चिम भागातल्या आमच्या एका केंद्रात या पाच पायऱ्या करून पाहिल्या. खोलीत एका कंपनीची रेंज उणे ११९ होती, म्हणजे नसल्यातच जमा. पश्चिमेच्या कोपऱ्यावर बारा फुटी पाइप उभा करून मोजले तर उणे ९८. दुसऱ्या कंपनीची तिथेच उणे १०८ मिळाली. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत होते, पण मध्ये ओढा आणि टेकडी. एका हितचिंतकांनी उपग्रहाच्या डिशसाठी रक्कम देऊ केली होती. बैठकीत वाडीतली एक आजी म्हणाली, "ताई, ती मोठी थाळी बिघडली तर तुम्ही येणार का ठाकरवाडीच्या पोरांनी बघायची?" या प्रश्नावर बरीच चर्चा झाली आणि निर्णयही त्यावरच झाला.

आम्ही अँटेनाचा राउटर घेतला, दुसऱ्या कंपनीचे सिम जोडीला ठेवले आणि त्या हितचिंतकांना विनंती केली की उरलेली रक्कम तीन वर्षांच्या रिचार्जसाठी आणि बॅटरीसाठी वापरू द्यावी. त्यांनी आनंदाने होकार दिला. सकाळी सहा-सात एमबीपीएस मिळतात, रात्री आठला दोनवर येतात. त्यामुळे अर्ज आणि डॉक्टरांचे बोलणे सकाळी ठेवले आहे, आणि मुलांचा अभ्यास उतरवून ठेवलेल्या धड्यांवर चालतो. वाडीतले दोन तरुण आणि बचत गटाच्या एक ताई हे सगळे पाहतात. अर्ज भरून देण्याचे दहा रुपये बचत गटाच्या डब्यात जातात. चौथ्या वर्षापासून रिचार्ज त्यातून व्हावा, असा प्रयत्न आहे. अजून तेवढे जमत नाही. महिन्याच्या रिचार्जच्या साधारण निम्म्यापर्यंत डबा पोचतो.

नेट आले की फसवणूकही दारात येते. बँकेतून बोलतोय म्हणून ओटीपी मागणारे, चुटकीसरशी कर्ज देणारे अ‍ॅप, पैसे लावून खेळायचे गेम. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच वाडीची सभा घेऊन ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हे शिकवले. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा, हेही भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवले आहे.

गटात चर्चेसाठी

१. आपण मदत करू इच्छितो त्या केंद्रात नेटवर कोणती तीन कामे आधी व्हायला हवीत? ती आपण ठरवली की वाडीने?

२. तिथली रेंज कोणी, कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी मोजली?

३. लाइट दोन दिवस गेली तर काय चालू राहील?

४. आपली देणगी पेटीसाठी आहे की तीन वर्षांच्या रिचार्जसाठी? चौथ्या वर्षी पैसे कुठून येतील?

५. सिम, तारीख, किल्ली आणि छप्पर या चार कामांसमोर कोणाची नावे आहेत?

ज्या गटांना पावसाळ्यापूर्वी एखाद्या वाडीत रेंज मोजायला यायचे असेल त्यांनी संस्थेच्या कार्यालयात कळवावे. येताना वेगवेगळ्या कंपन्यांची सिमे असलेले फोन, एक वही आणि दुपारचा डबा आणावा. बांबू वाडीत मिळतो.